टेस्ट दोन तासांची, वाट चार महिन्यांची

"लाळ नको मावशी, बेडका पाहिजे."

दिवसातून पंधरा-वीस वेळा मी हे म्हणायचे. तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यातल्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं टेक्निशियन होते आणि टीबीच्या तपासणीचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं असायचं. बाहेर मोकळ्या हवेत जा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून जे वर येईल ते डबीत टाका. सांगायला सोपं आहे. पण बाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळून उभी राहते, आजूबाजूला माणसं बघत असतात, तिला लाज वाटते, आणि पाच मिनिटांनी डबीत येते ती पांढरी फेसाळ लाळ. परत पाठवावं तर म्हणते आता काही निघत नाही हो. मग त्या लाळेचीच स्लाइड करायची. काडीचं टोक ठेचून त्याने नमुना काचेवर पसरायचा, स्पिरिटच्या दिव्यावर शेकायचा, वर लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत खालून गरम करायचा, ॲसिडने धुवायचा, मग निळा रंग द्यायचा. मायक्रोस्कोपखाली सगळं निळं दिसतं आणि टीबीचा जंतू असलाच तर त्या निळ्यात एक बारीकशी लाल काडी दिसते. अशी शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणारे शंभर गोल भाग, बघायचे, आणि एकही काडी दिसली नाही की निगेटिव्ह लिहायचं.

त्या निगेटिव्हचा अर्थ पेशंटला कोणी सांगत नाही म्हणून सांगते. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे ते स्लाइडवर सापडतात. त्याहून कमी असले तर माणूस आजारी आहे, रात्री घामाने भिजतोय, वजन उतरतंय, आणि कागदावर मात्र निगेटिव्ह. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८२ साली टीबीचा जंतू दाखवला, आणि मी ज्या पद्धतीने स्लाइड रंगवायचे ती त्याच्या पाठोपाठ लगेच निघालेली. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं जुन्या नजरेने आपण हा रोग शोधत होतो, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही शोधतोय.

त्यामुळे "नॅनो टेक्नॉलॉजीने टीबीचं निदान काही मिनिटांत" अशी बातमी आली की मी ती शेवटपर्यंत वाचते, कारण मला हे मनापासून हवंय. पण वाचून झालं की दरवेळी एक गोष्ट खटकते. बातमीतली मिनिटं नमुना मशीनमध्ये गेल्यापासून मोजलेली असतात. पेशंटची मिनिटं पहिल्या खोकल्यापासून सुरू झालेली असतात आणि पहिली गोळी पोटात जाईपर्यंत चालू राहतात. माझं म्हणणं एवढंच आहे की नॅनोवर सरकारचा, म्हणजे आपलाच पैसा लागणार असेल तर तो हे दुसरं घड्याळ कमी करणाऱ्या टेस्टवर लागला पाहिजे, आणि तसं होतंय की नाही हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

एक उदाहरण सांगते, ते माझ्या डोळ्यासमोरून जातच नाही. २०१६ चा हिवाळा, ऊसतोडीचा सीझन. मराठवाड्यातून आलेल्या टोळीतली एक बाई, वय तीसच्या आत, नवऱ्याबरोबर कोयत्यावर आलेली. खोकला दिवाळीनंतर लागला होता. आधी फडाजवळच्या एका डॉक्टरकडून खोकल्याची बाटली झाली, मग इंजेक्शनं झाली, आणि जानेवारीत आमच्याकडे आली. तेव्हा दोन नमुने घ्यायची पद्धत होती, एक लगेच तिथल्या तिथे आणि दुसरा दुसऱ्या दिवशी पहाटेचा. पहिला तिने दिला, लाळच होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. कारण खाडा. ऊसतोडीत एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, पैसे कापले जातात, उचल, म्हणजे आधीच घेतलेले पैसे, अंगावर असते, मुकादम ऐकत नाही. एक दिवस तिने आमच्यासाठी मोडला होता, दुसरा मोडणं तिला परवडणारं नव्हतं. पहिली स्लाइड निगेटिव्ह होती. ती मीच बघितली होती, शंभरच्या शंभर फील्ड, आणि सही पण माझीच. एक्स-रे काढायला माणूस आठवड्यातून दोनच दिवस यायचा, त्यामुळे तेही झालं नाही. गोळ्या घेऊन ती गेली आणि टोळी दुसऱ्या तालुक्यात गेली.

मार्चमध्ये फड आटोपल्यावर तिची तब्येत इतकी बिघडली की गावी जायच्या आधी टोळीवाल्यांनीच तिला परत आमच्याकडे आणलं. नमुना जिल्ह्याला पाठवला, तिथे सीबीनॅट, म्हणजे नमुन्यात जंतूचा डीएनए शोधणारं मशीन होतं. दोन तासांत रिपोर्ट, पॉझिटिव्ह. दिवाळी ते मार्च, चार महिने धरा. त्या चार महिन्यांतले मशीनचे तास दोन. उरलेल्या दिवसांत ती कोपीत नवरा, सासू आणि चार वर्षांच्या मुलीसोबत झोपत होती.

आता कोणी मला सांगितलं की ती दोन तासांची टेस्ट आम्ही वीस मिनिटांवर आणली, तर चांगलंच आहे, पण या बाईचे त्यातून फार तर पावणेदोन तास वाचले असते. तेच कोणी म्हणालं की बेडका न लागणारी, वीज न लागणारी, पहिल्याच दिवशी ती समोर बसलेली असताना उत्तर देणारी टेस्ट आम्ही बनवली, तर तिचे दोन-अडीच महिने वाचले असते. दोन्ही बातम्यांची हेडलाइन एकच असते, "टीबीचं निदान आता मिनिटांत".

ही एकट्या बाईची गोष्ट नाहीये. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचा मोठा सर्व्हे झाला. त्यात लक्षणं असलेल्यांपैकी साधारण ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. आणि सापडलेल्या पेशंटपैकी जवळजवळ ४३ टक्के असे होते की छातीचा एक्स-रे काढला नसता तर हातातून निसटले असते, म्हणजे नुसतं खोकला आहे का, ताप आहे का विचारत बसलो असतो तर त्यांच्या थुंकीपर्यंत आपण पोचलोच नसतो. टेस्ट कितीही फास्ट असली तरी या लोकांसाठी ती सुरूच झालेली नसते.

नॅनो म्हणजे नक्की काय ते आता सांगते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलंय. कोविडच्या किटवरची ती गुलाबी रेघ आठवतेय ना? बहुतेक किटमध्ये ती सोन्याची होती. खरंच सोनं, पण साधारण चाळीस नॅनोमीटरचे कण, इतके बारीक की टीबीच्या एका जंतूच्या लांबीत पन्नास ते शंभर कण ओळीने बसतील. एवढं बारीक केलं की सोनं पिवळं दिसत नाही, लालसर दिसतं. त्या कणांना अँटिबॉडी चिकटवलेली असते, ती विषाणूचा तुकडा पकडते, पट्टीवरून थेंबाबरोबर पुढे सरकते आणि रेघेवर अडकते, आणि लाखो कण एका जागी जमले की डोळ्याला गुलाबी रेघ दिसते. प्रेग्नन्सी किटमध्ये कित्येक वर्षं हेच चाललंय. वीज नाही, मशीन नाही, टेक्निशियनसुद्धा नाही. मी स्वतः टेक्निशियन असून म्हणते, ज्या गावात टेक्निशियन पोचत नाही तिथे पट्टी पोचते.

टीबीसाठी अशी पट्टी आहे. ती लघवीवर चालते. टीबीच्या जंतूच्या भिंतीत लॅम नावाचा एक पदार्थ असतो, तो काही पेशंटच्या लघवीत उतरतो, पट्टी तो पकडते, पंचवीस मिनिटांत उत्तर. एचआयव्ही असलेल्या पेशंटसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तिला मान्यता दिली. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या दहा हॉस्पिटलांत ती वापरून बघितली आणि २०१६ मध्ये त्याचे निकाल आले. नेहमीच्या तपासण्यांवर ठेवलेल्या एचआयव्हीच्या पेशंटमध्ये आठ आठवड्यांत २५ टक्के दगावले, आणि जिथे सोबत ही पट्टी होती तिथे २१ टक्के. शंभरामागे चार माणसं. नुसत्या पट्टीने. ती पट्टी अर्ध्याहून जास्त केसेस चुकवते हे माहीत असूनसुद्धा चार माणसं, कारण जे बेडका काढूच शकत नव्हते त्यांचं उत्तर तिने त्याच दिवशी बिछान्याशी दिलं.

मग तिला आणखी तिखट नजर द्यायचं काम जपानच्या फुजीफिल्मने केलं. फोटोची फिल्म धुताना जी चांदीची केमिस्ट्री वापरतात तीच इथे आणली, सोन्याच्या प्रत्येक कणाभोवती चांदी वाढवायची, कण फुगतो आणि फिकट रेघ ठळक होते. हॉस्पिटलात भरती असलेल्या एचआयव्हीच्या पेशंटमध्ये जुनी पट्टी साधारण ४२ टक्के पकडायची, ही ७० टक्के. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण पुढे वेगवेगळ्या लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या पट्ट्यांमध्ये, फरक पडायला लागला, एका लॉटची पट्टी एक सांगते आणि दुसऱ्या लॉटची दुसरंच. नॅनोमधला अवघड भाग हाच आहे आणि बातमीत तो कधीच येत नाही. एखाद्या युनिव्हर्सिटीत हुशार पोरं महिनाभर खपून अप्रतिम कण बनवतात, शंभर नमुन्यांवर पेपर छापून येतो. पण तोच कण, त्याच मापाचा, तेवढीच अँटिबॉडी चिकटलेला, दहा लाख पट्ट्यांमध्ये सारखा पाहिजे, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या उपकेंद्रात दोन महिने पडून राहिल्यावरही तसाच पाहिजे. या कामाला पुरस्कार मिळत नाहीत आणि पैसेही कमी मिळतात. मला वाटतं आपला पैसा आधी इथे गेला पाहिजे.

दुसरा एक रस्ता आहे, तो मला जुन्या धंद्यामुळे जास्त जवळचा वाटतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमने लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकी नॅनो कण घेतले, त्यांना साखरेसारख्या पदार्थाचा लेप दिला, आणि नेपाळमधल्या पेशंटच्या थुंकीत ते मिसळून बघितले. लेपामुळे कण जंतूच्या अंगाला चिकटतात, बाहेरून साधं लोहचुंबक लावलं की विखुरलेले जंतू एका जागी गोळा होतात, आणि मग त्याच जुन्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. म्हणजे शंभर फील्डमध्ये पसरलेलं आहे ते थोडक्यात समोर येतं. नवीन मशीन नको, एसी नको, आहे तोच माणूस आणि आहे तोच मायक्रोस्कोप. माझ्या त्या जानेवारीच्या स्लाइडवर असं काही करता आलं असतं तर काय दिसलं असतं, हा विचार मी कितीतरी वेळा केलाय.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे टीबी तपासायचं छोटं मशीन आपलं आहे आणि त्याचा मला खरंच अभिमान आहे. बॅटरीवर चालतं, साधारण तासाभरात टीबी आहे का ते सांगतं, आणि असेल तर दुसरी चिप टाकून रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही तेही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. जिल्ह्याचं मशीन तालुक्यापर्यंत आणायचं काम त्याने केलं, आणि मशीनने वाट कमी करणं म्हणजे काय ते यातून दिसलं. पण त्याच वर्षी काय झालं तेही बघा. कोविड आला, टीबीची मशीनं आणि माणसं कोविडच्या कामाला लागली. २०१९ मध्ये देशात २४ लाख टीबी पेशंटची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख लोक एका वर्षात बरे झाले नव्हते, ते फक्त आपल्याला दिसेनासे झाले. मशीन होती तिथेच होती, तिच्यापर्यंत नमुना नेणारा हात नव्हता.

नव्या टेस्टची घाई करणाऱ्यांना मी २०१२ ची आठवण करून देते. त्याच्या आधी गल्लीबोळातल्या लॅबमध्ये टीबीची रक्ताची टेस्ट मिळायची, अँटिबॉडी बघणारी. झटपट, सोपी, बेडक्याची कटकट नाही, डॉक्टर लिहून द्यायचे, लोक पैसे भरायचे. आणि ती चुकीची होती. टीबी नसलेल्याला आहे म्हणायची, असलेल्याला नाही म्हणायची. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली. तोपर्यंत किती लोकांनी सहा-सहा महिने नको ती औषधं खाल्ली आणि किती जण निगेटिव्ह आलं म्हणून निवांत घरी गेले, याचा हिशोब लागणार नाही. उद्या "नॅनो" शब्द छापलेलं किट मेडिकलमध्ये मिळायला लागेल तेव्हा हे आठवलं पाहिजे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथल्याच उन्हात, तिथल्याच माणसांच्या हातून तपासलेलं असेल तरच विक्रीला, नाहीतर नाही.

पट्टीने सगळं भागणार नाही हेही सांगते. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी, डॉ. झरीर उदवाडियांच्या टीमने, कुठल्याच औषधाला दाद न देणारे टीबीचे पेशंट दाखवले तेव्हा देश हादरला होता. लघवीची पट्टी टीबी आहे एवढंच सांगते, कोणतं औषध चालेल ते सांगत नाही. त्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी औषध सुरू आणि त्याच दिवशी नमुना पुढच्या मशीनकडे रवाना, असं दोन पायऱ्यांचं काम लागणार. आणि दुसऱ्या पायरीची किंमत हा वेगळाच लढा आहे. सीबीनॅटच्या कार्ट्रिजची, म्हणजे दर टेस्टला एक लागणाऱ्या डबीची, किंमत २०१२ पासून दहा डॉलरच्या आसपास अडकलेली होती, पेशंटच्या संघटनांनी अनेक वर्षं ओरड केली तेव्हा २०२३ मध्ये ती आठच्या खाली आली. नॅनोच्या टेस्टलाही हेच होणार. संशोधनाला सरकारचा पैसा घेतला असेल तर किंमतीची अट तेव्हाच करारात लिहून घ्या, नंतर मागायला गेलं की कोणी ऐकत नाही.

बरेच भले लोक म्हणतात, हे नॅनो-बिनो राहू द्या, टीबी हा भुकेचा रोग आहे, लोकांना खायला घाला. त्यांचं पहिलं वाक्य सोडलं तर मी त्यांच्या बाजूची आहे. झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला, टीबी पेशंटच्या घरच्यांना महिन्याचं रेशन दिलं तर त्या घरात नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, २०२३ मध्ये ते छापून आलं, आणि इतका मोठा फरक जेवणाने पडतो हे वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होते. पण ते रेशन कोणत्या घरात गेलं? ज्या घरात पेशंट सापडला होता त्या घरात. निक्षय पोषणचे पैसे, म्हणजे सरकार टीबी पेशंटला खाण्यापिण्यासाठी देतं ते, जे आता महिना हजार झालेत, तेही नाव सरकारी पोर्टलवर चढल्यावरच सुरू होतात. निदान उशिरा झालं की जेवणही उशिरा येतं. म्हणून टेस्ट की जेवण असं भांडण लावणं मला पटत नाही.

२०२५ पर्यंत भारत टीबीमुक्त करायचं २०१८ मध्ये जाहीर झालं होतं. २०२५ उजाडलं तेव्हाही जगातल्या दर चार टीबी पेशंटमागे एक आपल्याकडचा होता. मधल्या काळात चांगलंही झालं, हातात धरायचे एक्स-रे आले, गावात जाऊन शोधमोहिमा झाल्या, आणि हे मी बाहेरून कौतुक म्हणून बोलत नाहीये, माझ्या ओळखीच्या आशाताई त्या मोहिमांत उन्हातान्हात फिरल्यात. आता त्यांच्या पिशवीत काय द्यायचं हा प्रश्न आहे. आज त्या लक्षणं विचारतात, डबी देतात आणि दुसऱ्या दिवशी परत डबी न्यायला जातात. त्यांच्या पिशवीत मावेल, आशाताईंना वाचता येईल आणि पेशंटच्या दारातच उत्तर देईल ती टेस्ट फास्ट. बाकीच्या टेस्ट चांगल्या असतील, मोठ्या हॉस्पिटलांना उपयोगी असतील, पण त्यांना फास्ट म्हणायला मी तयार नाही.

त्या बाईचं औषध सुरू झालं आणि घरच्यांची तपासणी लागली तेव्हा तिच्या चार वर्षांच्या मुलीलाही खोकला निघाला. एवढं लहान मूल बेडका काढू शकत नाही, वर आलेला गिळून टाकतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि त्यात जंतू शोधतात. त्यासाठी जिल्ह्याला भरती व्हावं लागतं. आई स्वतः उभी राहू शकत नव्हती, बाप कामावर, शेवटी आजी घेऊन गेली, दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत मुलीची लघवी आमच्या लॅबच्या टेबलावर एका छोट्या बाटलीत होती, डॉक्टरांनी ताप आहे म्हणून साधी तपासणी लिहिली होती. मी ती केली, नॉर्मल लिहिलं. एवढ्या लहान मुलात लघवीवरून टीबी भरवशाने सांगेल अशी पट्टी तेव्हा नव्हती, आणि अजूनही तिची वाटच बघतोय.